देवगिरीचा सिंघण: चार सीमांवरचे वैर आणि एक तह

मित्रहो,

मध्ययुगीन गुजरातेतील कारकुनांच्या उपयोगासाठी तयार झालेला एक संस्कृत संग्रह आज उपलब्ध आहे. त्याचे नाव लेखपद्धती. घर गहाण ठेवायचे असेल, कर्जाचा खत करायचा असेल, गावाचे दानपत्र लिहायचे असेल किंवा अधिकाऱ्याला हुकूम पाठवायचा असेल, तर मजकूर कसा असावा याचे नमुने त्यात दिलेले आहेत. त्या नमुन्यांमध्ये दोन राजांमधील तहाचाही एक नमुना आहे. अशा तहनाम्याला तेथे ‘यमलपत्र’ म्हटले आहे, कारण तो दोघांचा असतो. नमुन्यावर विक्रम संवत १२८८, वैशाख शुद्ध पौर्णिमा ही तिथी आहे, म्हणजे इसवी सनाच्या हिशेबाने १२३१-३२ चा सुमार. तह करणारे दोघे आहेत महाराजाधिराज सिंघणदेव आणि महामंडलेश्वर राणक लावण्यप्रसाद. दोघांनी आपापल्या पूर्वीच्या सीमांच्या आत राहावे, एकमेकांच्या मुलखावर चालून जाऊ नये, एकावर बलाढ्य शत्रू आला तर दुसऱ्याने सैन्यासह मदतीला यावे, आणि एकाच्या राज्यातून कोणी राजपुत्र मौल्यवान वस्तू घेऊन पळाला तर दुसऱ्याने त्याला थारा देऊ नये, उलट तो ऐवज परत करावा, अशी त्याची कलमे आहेत.

हा नमुना आहे, त्यामुळे तो मूळ तहाची शब्दशः प्रत आहे असे मानता येत नाही. पण नमुना लिहिणाऱ्या गुजराती लेखनिकाला दोन तुल्यबळ वैऱ्यांची उदाहरणादाखल नावे घालायची होती तेव्हा त्याच्या लेखणीवर देवगिरीच्या यादवाचे नाव आले, ही गोष्टच त्या काळाविषयी पुष्कळ सांगून जाते. आज मला ज्या राजाविषयी बोलायचे आहे तो हा सिंघण. यादव घराण्यात या नावाचा एक राजा त्याच्या आधीही होऊन गेला होता, म्हणून इतिहासात याला दुसरा सिंघण म्हणतात. त्याने सुमारे १२१० पासून १२४६-४७ पर्यंत राज्य केले. काही अभ्यासक त्याच्या कारकिर्दीचा आरंभ १२०० च्या सुमारास धरतात. कोणताही आकडा घेतला तरी यादवांच्या स्वतंत्र राज्याच्या सव्वाशे वर्षांतील ही सर्वांत दीर्घ किंवा जवळजवळ सर्वांत दीर्घ कारकीर्द ठरते, आणि राज्याचा विस्तार याच काळात परमावधीला पोहोचला याबद्दल तर दुमत नाही.

यादवांविषयी आपण बोलू लागलो की बहुधा १२९६ पासून सुरुवात करतो. अल्लाउद्दीन खल्जी विंध्य ओलांडून आला, रामचंद्रदेव देवगिरीच्या किल्ल्यात कोंडला गेला, आणि त्या एका प्रसंगाच्या उजेडात मागची शंभर वर्षे आपण वाचत जातो. त्यामुळे सिंघणाची युद्धे आपल्याला निष्कारण भांडणे वाटू लागतात. मला ही दृष्टी अन्यायाची वाटते. सिंघणाला १२९६ ठाऊक नव्हते. त्याला ठाऊक होते ते ११९१, म्हणजे लक्कुंडी, आणि त्याचे अर्धे आयुष्य त्या आठवणीवर उभे आहे.

ती आठवण काय होती ते आधी सांगितले पाहिजे. सिंघणाचा आजा पाचवा भिल्लम. यादवांचे मूळचे घर सेउणदेशात, म्हणजे नाशिक-सिन्नरच्या पट्ट्यात, आणि राजकीय दर्जा कल्याणीच्या चालुक्यांच्या मांडलिकाचा. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात कल्याणीचे राज्य आतून खिळखिळे झाले. आधी कलचुरी बिज्जलाने ते बळकावले, मग चालुक्यांनी ते काही काळ परत मिळवले, आणि या ओढाताणीत तिन्ही बाजूंचे मांडलिक डोके वर काढू लागले. उत्तरेला यादव, दक्षिणेला द्वारसमुद्राचे होयसळ, पूर्वेला वरंगळचे काकतीय. भिल्लमाने ११८७ च्या सुमारास स्वातंत्र्य पुकारले, देवगिरीला राजधानी केली आणि कल्याणीचा वारसा आपल्याकडे घेतला. हाच वारसा होयसळ वीर बल्लाळालाही हवा होता. दोघांची गाठ आजच्या गदग जिल्ह्यात पडली. सोरटूर आणि लोक्कीगुंडी, म्हणजे लक्कुंडी, ही त्या संग्रामाची ठिकाणे. भिल्लमाचा पराभव झाला आणि त्याची कारकीर्दही त्याच सुमारास संपली. शके १११४ च्या गदग येथील लेखात बल्लाळाने या विजयाचा उच्चार मोठ्या अभिमानाने केला आहे. मलप्रभेच्या आणि कृष्णेच्या दक्षिणेचा मुलूख, ज्याला जुने लेख कुंतल म्हणतात त्याचा गाभा, यादवांच्या हातून गेला.

भिल्लमाचा मुलगा जैतुगी याने पूर्वेकडचा हिशेब पुरा केला. काकतीयांशी झालेल्या युद्धात त्याने त्यांचा राजा मारला आणि गणपती या तरुण राजपुत्राला कैद केले. पण पुढे त्यानेच गणपतीला सोडून वरंगळच्या गादीवर बसवले. हा निर्णय मला फार दूरदृष्टीचा वाटतो. ज्याला आपण सोडले तो सीमेवर वैरी म्हणून न राहता उपकृत म्हणून राहतो. गणपतीने पुढे १२६२ पर्यंत राज्य केले, आंध्राच्या किनाऱ्यापर्यंत आपली सत्ता नेली, आणि सिंघणाच्या सबंध कारकिर्दीत पूर्व सीमेने देवगिरीला फारसा त्रास दिला नाही. सिंघणाच्या बिरुदांत तेलंगणाच्या राजावरील विजयाचा उल्लेख येतो, पण तो बापाच्या पराक्रमाचा वारसा म्हणून वाचावा असे माझे मत आहे.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. देवगिरीपासून पूर्वेची बाजू शांत. पश्चिमेला सह्याद्री, आणि त्याच्या खाली उत्तर कोकणात ठाण्याचे शिलाहार. नैर्ऋत्येला पन्हाळ्यावर कोल्हापूरचे शिलाहार. दक्षिणेला होयसळ. वायव्येला गुजरात, उत्तरेला माळव्याचे परमार. या सगळ्यांशी सिंघण लढला किंवा लढण्याच्या तयारीत राहिला. पण त्याचे वैर सर्व दिशांना सारखे नव्हते, आणि आजच्या व्याख्यानात मला मुख्यतः हेच मांडायचे आहे. दक्षिणेत त्याला जमीन हवी होती आणि ती त्याने घेतली, राखली, तिच्यावर अधिकारी नेमले. गुजरातेत आणि माळव्यात त्याचे सैन्य अनेकदा गेले, पण तेथे राज्य करण्यासाठी ते थांबले नाही. प्रशस्तिकार दोन्हींना एकच शब्द वापरतात, दिग्विजय. आपण मात्र तो शब्द फोडून पाहिला पाहिजे.

दक्षिणेची मोहीम त्याने कारकिर्दीच्या अगदी आरंभी हाती घेतली. वीर बल्लाळ आता वृद्ध झाला होता. बेळवोल, धारवाडचा प्रदेश, बनवासी असे एकेक भाग करत १२१५ च्या आसपास यादवांचे अंमलदार आजच्या शिमोगा जिल्ह्यातील बळ्ळिगावेपर्यंत दिसू लागतात. हे आपल्याला कवींच्या वर्णनांतून कळत नाही, दानलेखांतून कळते. एखाद्या गावी देवळाला जमीन दिली, जकातीचा वाटा दिला, आणि तो देणारा अंमलदार सिंघणाचे राज्यवर्ष घालून लेख कोरतो, तेव्हा तेथे त्याचा अंमल बसला आहे असे समजावे. ते लेख कन्नडमध्ये आहेत. देवगिरीच्या राजाने आपल्या दक्षिण प्रांताशी त्या प्रांताच्या भाषेत व्यवहार केला, आणि खानदेशात त्याच्याच काळात मराठी वाक्ये दगडावर कोरली जात होती. यादव कानडी की मराठी, हा वाद आपल्याकडे फार तावातावाने घातला जातो. ज्या राजाच्या राज्यात गोदावरी आणि तुंगभद्रा या दोन्ही नद्यांच्या काठची प्रजा होती, त्याला हा प्रश्न या रूपात पडलाच नसेल असे मला प्रामाणिकपणे वाटते.

बल्लाळाच्या मागून आलेल्या दुसऱ्या नरसिंहाने गेलेला मुलूख परत घेण्यासाठी सगळी शक्ती पणाला लावली नाही, आणि याचे कारण तमिळ देशात आहे. चोळांचे राज्य तेव्हा ढासळत होते. पांड्य त्यावर चालून येत होते, आणि कोप्परुंजिंग नावाच्या सरदाराने तर चोळ राजा तिसरा राजराज याला कैद केले. त्याला सोडवण्यासाठी होयसळांचे सैन्य १२३१ च्या सुमारास कावेरीच्या मुखाकडे गेले. होयसळांचे लक्ष असे दक्षिणेकडे वळल्यामुळे तुंगभद्रेच्या उत्तरेला सिंघणाला स्वस्थता लाभली. एका राज्याचा विस्तार पुष्कळदा त्याच्या शत्रूला दुसरीकडे पडलेल्या कामामुळे होतो, आणि प्रशस्तीत त्या कामाचा उल्लेख कधीच नसतो.

दक्षिणेचा कारभार सिंघणाने बिचण नावाच्या अधिकाऱ्याकडे दिला. शके ११६० च्या हरळहळ्ळीच्या लेखात या बिचणाच्या पराक्रमाची यादी आहे. सौंदत्तीचे रट्ट, गोव्याचे कदंब, गुत्तल येथील गुत्त, उच्चंगीचे पांड्य आणि होयसळ यांना त्याने नमवले आणि कावेरीच्या काठी जयस्तंभ उभारला, असे तो लेख सांगतो. कावेरीचा स्तंभ ही प्रशस्तीची भाषा समजून बाजूला ठेवली तरी बाकीची यादी खरी आहे. रट्टांचे घराणे या सुमारास संपते. बेळगाव-सौंदत्तीवर कित्येक पिढ्या राज्य केलेल्या या मांडलिकांचे लेखच पुढे मिळत नाहीत. लहान घराण्यांना जिवंत ठेवून खंडणी घेण्याची जुनी रीत येथे सिंघणाने सोडलेली दिसते. कृष्णेच्या आणि मलप्रभेच्या खोऱ्यात त्याला मध्यस्थ नको होते.

हीच गोष्ट पन्हाळ्याच्या बाबतीत अधिक ठळकपणे दिसते. कोल्हापूरच्या शिलाहारांचा शेवटचा राजा दुसरा भोज. हा काही किरकोळ मांडलिक नव्हता. कल्याणीची सत्ता मोडल्यावर त्यानेही सम्राटाला शोभणारी बिरुदे धारण केली होती. पन्हाळा ही त्याची राजधानी, आणि सह्याद्रीतले अनेक किल्ले त्याने बांधले अशी परंपरा सांगते. त्याच्या राज्यात विद्येलाही आश्रय होता. आजरा, जे तेव्हा अर्जुरिका म्हणून ओळखले जाई, तेथे सोमदेव या जैन पंडिताने शब्दार्णवचंद्रिका हा व्याकरणग्रंथ १२०५ मध्ये पुरा केला, आणि तो या भोजाच्या राज्यात लिहिला असे त्याने स्वतःच नमूद केले आहे. श्रीमहालक्ष्मीचा वरप्रसाद लाभलेले, असे हे घराणे स्वतःविषयी अभिमानाने सांगत असे. कोकणाकडे उतरणाऱ्या घाटवाटा त्याच्या हातात होत्या, आणि देवगिरीहून दक्षिणेत जाणाऱ्या सैन्याच्या उजव्या कुशीला तो बसलेला होता. सिंघणाने त्याचे राज्य घेतले आणि भोजाला पन्हाळ्यावरच कैदेत ठेवले. यादवांच्या लेखात यासाठी एक भपकेदार समास आहे: पन्हाळ्याच्या बिळात राहणाऱ्या भोजरूपी सापाला पळवून लावणारा गरुड. शिलाहारांच्या ध्वजावर आणि मुद्रेवर गरुड असे, स्वतःला ते गरुडापासून नागाला वाचवणाऱ्या जीमूतवाहन या विद्याधराचे वंशज म्हणवीत. ज्या घराण्याची खूण गरुड त्यालाच साप म्हणायचे आणि गरुड आपण व्हायचे, यात त्या प्रशस्तिकाराने शत्रूची खूण हिसकावून घेतली आहे. मला तरी हा समास केवळ अलंकार वाटत नाही.

पण किल्ला जिंकणारा सिंघण आणि खिद्रापूरचा सिंघण यांना शेजारी ठेवून पाहिले पाहिजे. कृष्णेकाठच्या खिद्रापुरी कोपेश्वराचे देऊळ आहे, त्याचा खांबांनी तोललेला वर्तुळाकार, उघड्या छताचा मंडप आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. शिलाहारांच्या काळात उभे राहिलेले हे देऊळ. तेथे शके ११३६ चा एक लेख आहे आणि त्यात सिंघणाने कोपेश्वराला गाव दान दिल्याचे सांगितले आहे. हरलेल्या राजघराण्याच्या देवाला जिंकणाऱ्याने दिलेले हे दान म्हणजे भक्ती तर आहेच, शिवाय त्या मुलखातल्या लोकांना दिलेला संदेशही आहे की राजा बदलला, देवाची व्यवस्था बदललेली नाही. दक्षिणेत सिंघण टिकला तो या दोन्ही हातांनी.

उत्तरेचे चित्र वेगळे आहे. हेमाद्री पंडिताने आपल्या चतुर्वर्गचिंतामणीत यादवांची जी राजप्रशस्ती दिली आहे, तीत सिंघणाने जज्जल्लाचे हत्ती आणले, कक्कल्लाचे राज्य घेतले, माळव्याच्या अर्जुनाला नष्ट केले, भंभागिरीच्या, म्हणजे धुळ्याजवळच्या भामेरच्या, लक्ष्मीधराला नमवले, अशी नावांची रांग आहे. अर्जुन म्हणजे परमार अर्जुनवर्मा. या प्रत्येकाविषयी स्वतंत्र बोलण्याइतकी सामग्री नाही, म्हणून मी ती रांग येथेच सोडतो आणि गुजरातेकडे वळतो, कारण तेथे आपल्याला दोन्ही बाजूंचे बोलणे ऐकू येते.

गुजरातेत तेव्हा राजा होता चौलुक्य दुसरा भीम, पाटणच्या गादीवर. पण सत्ता पाटणला राहिली नव्हती. ती धोळक्याला, वाघेला घराण्यातील लावण्यप्रसाद आणि त्याचा मुलगा वीरधवल यांच्या हाती गेली होती, आणि त्यांचे मंत्री होते वस्तुपाल आणि तेजपाल हे दोन भाऊ. आबूच्या देलवाड्यातील नेमिनाथाचे संगमरवरी मंदिर तेजपालाने १२३१ मध्ये प्रतिष्ठित केले. आरंभी सांगितलेल्या तहात सिंघणाला महाराजाधिराज म्हटले आहे आणि समोरचा पक्ष राजा नसून महामंडलेश्वर, म्हणजे मोठा मांडलिक, आहे, याचा अर्थ आता आपल्या लक्षात येईल. गुजरातेत कोणाशी बोलले म्हणजे काम होते हे देवगिरीलाही माहीत होते.

भरुच आणि खंबायत ही त्या काळातील पश्चिम किनाऱ्याची मोठी बंदरे. देवगिरीच्या पठारावर पिकणारे आणि विणले जाणारे जे परदेशी जाई, आणि सैन्याला लागणारे जे घोडे समुद्रावरून येत, त्यांना बंदर लागते. यादवांच्या ताब्यात तेव्हा असे बंदर नव्हते, कारण उत्तर कोकण ठाण्याच्या शिलाहारांकडे होते आणि ते यादवांनी घेतले सिंघणानंतर, त्याचा नातू महादेव याच्या काळात. तापी ओलांडून लाट देशात, म्हणजे दक्षिण गुजरातेत, वारंवार उतरण्यामागे सिंघणाचा डोळा या बंदरांच्या उत्पन्नावर असावा असे मला वाटते.

यातील एका स्वारीचे वर्णन सोमेश्वर या गुजरातच्या राजपुरोहिताने कीर्तिकौमुदी या काव्यात केले आहे. सोमेश्वर वस्तुपालाचा चाहता, म्हणजे आपल्या दृष्टीने शत्रुपक्षाचा कवी. तरीही, किंबहुना त्यामुळेच, त्याचे हे वर्णन मला अत्यंत मोलाचे वाटते. सिंघणाचे सैन्य येत आहे ही वार्ता पसरली तेव्हा नगरात कोणी नवे घर बांधायला घेईना, कोणी धान्य साठवीना. लोक गाड्या जोडून तयार ठेवू लागले. शत्रू कुठवर आला हे कळायला हेराची गरज नव्हती, जळणाऱ्या गावांचा धूर आकाशात दिसत होता. विजयाची कवने आपण पुष्कळ वाचतो. ज्यांच्यावर विजय मिळवला त्यांच्या अंगणात उभे राहून ती स्वारी पाहण्याची संधी क्वचित मिळते. सिंघणाविषयी ज्याला आदर आहे, आणि मला तो आहे, त्याने हा धूर झाकून ठेवू नये.

लावण्यप्रसाद आणि वीरधवल त्या सैन्याला अडवायला निघाले. त्याच वेळी मारवाडचे चार राजे त्यांच्या पाठीवर उठले, आणि गोध्रा व लाट येथील त्यांचेच मांडलिक त्यांना सोडून शत्रूला मिळाले. लावण्यप्रसादाला मागे फिरावे लागले. गुजरातचा मार्ग मोकळा झाला होता. आणि तरीही सिंघणाचे सैन्य पुढे सरकले नाही. सोमेश्वर याचे कारण कवीप्रमाणे देतो: सिंह वाट सोडून गेला तरी हरणे त्या वाटेने जात नाहीत. डॉ. रा. गो. भांडारकरांनी याचे कारण राजकारणात शोधले. पाठीवर मारवाडी राजे आलेल्या लावण्यप्रसादाला सिंघणाशी तह करण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि तो तह झाल्यामुळेच यादवसैन्य परतले, असा त्यांचा तर्क. लेखपद्धतीतील नमुन्याला त्यांनी याच प्रसंगाशी जोडले. मला हा तर्क पटतो, आणि त्यात मी एवढीच भर घालीन की सिंघणालाही त्या तहात तोटा नव्हता. नर्मदेच्या पलीकडे राज्य चालवण्यासाठी जे मनुष्यबळ लागले असते ते त्याने कृष्णेच्या आणि तुंगभद्रेच्या काठी गुंतवले होते. त्याच काळात जयसिंह सूरीने रचलेल्या हम्मीरमदमर्दन या नाटकात तर वस्तुपालाच्या हेरांनी सिंघण आणि त्याचा लाटमधील साथीदार यांच्यात संशय पेरून ती स्वारी परतवली, अशी कथा रंगवली आहे. नाटकातील कट जसाच्या तसा घेऊ नये. पण यादवांशी लढण्यापेक्षा त्यांना परतवण्याचे उपाय गुजरातेत अधिक शोधले जात होते, एवढे त्यावरून दिसते.

येथे थोडा वेळ मी सीमा सोडून राजधानीकडे येतो, कारण ज्या वर्षांत हे सगळे चालले होते त्याच वर्षांत देवगिरीच्या हिशेबाच्या कचेरीत एक मनुष्य काम करत होता. त्याचे नाव शार्ङ्गदेव. त्याचा आजा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आला, बाप सोढल यादवांच्या सेवेत राहिला, आणि शार्ङ्गदेव स्वतः श्रीकरणाचा, म्हणजे जमाखर्चाच्या खात्याचा, प्रमुख झाला. त्याने संगीतरत्नाकर लिहिला, सात अध्यायांचा. श्रुती, स्वर, राग, ताल, वाद्ये आणि नृत्य यांची त्यातील मांडणी हिंदुस्थानी आणि कर्नाटकी या दोन्ही परंपरा आजही आपले मूळ म्हणून दाखवतात. दुसरीकडे चाळीसगावजवळच्या पाटण येथे लीलावती आणि सिद्धान्तशिरोमणी लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो सिंघणाचा मुख्य ज्योतिषी होता, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला. शके ११२८ च्या तेथील लेखात मठाला कोणते उत्पन्न मिळावे हे सांगताना संस्कृत थांबते आणि मराठी सुरू होते. बाजारातील खरेदीविक्रीतून किती, तेलाच्या घाण्यामागे किती, हे व्यापाऱ्याला आणि तेल्याला कळायला हवे होते. भास्कराचार्यांच्याच कुळातील अनंतदेव हाही सिंघणाचा ज्योतिषी होता, आणि खानदेशातच बहाळ येथे त्याचा शके ११४४ चा लेख आहे. सैन्याच्या खर्चाचे हिशेब ठेवणारी कचेरी आणि रागांची व्यवस्था लावणारी बुद्धी एकाच माणसात नांदत होती, ही गोष्ट मला सिंघणाच्या काळाविषयी बोलताना दरवेळी थांबवते.

आता पुन्हा नर्मदेकडे. तह झाला खरा, पण तो टिकला नाही, आणि हे आपल्याला अंबाजोगाईच्या शिलालेखांवरून कळते. अंबाजोगाई, तेव्हाचे आंबे, हे सिंघणाच्या सर्वांत मोठ्या सेनापतीचे, खोलेश्वराचे ठाणे. खोलेश्वर मुद्गल गोत्राचा ब्राह्मण. विदर्भापासून गुजरातपर्यंत त्याने मोहिमा केल्या, देवळे बांधली, अग्रहार वसवले. अमरावती जिल्ह्यातील खोलापूर हे त्याच्याच नावाचे गाव, असे अभ्यासक मानतात, आणि अंबाजोगाईत खोलेश्वराचे देऊळ आजही आहे. पश्चिमेकडच्या स्वाऱ्यांचा भार त्याने वाहिला. त्याच्यानंतर तो भार त्याचा मुलगा राम याच्यावर आला. सिंघणाने रामाला मोठे सैन्य देऊन गुजरातवर पाठवले. नर्मदेपर्यंत तो पोहोचला, तेथे घनघोर युद्ध झाले, त्याने गुर्जरांचे पुष्कळ सैनिक मारले आणि तो स्वतः पडला.

याच युद्धाचा दुसरा पक्ष पुढे काय म्हणाला तेही ऐका. वीरधवलाचा मुलगा वीसलदेव, जो १२४० च्या दशकात पाटणच्या गादीवरच बसला, त्याच्या संवत १३१७ च्या ताम्रपटात त्याला सिंघणाच्या सैन्यरूपी समुद्राला शोषून टाकणारा वडवानल म्हटले आहे. समुद्राच्या पोटात पेटलेला आणि समुद्राचे पाणी पिऊन जगणारा अग्नी म्हणजे वडवानल. यादव स्वतःला गरुड म्हणत होते, वाघेले स्वतःला अग्नी म्हणत होते. एका गोष्टीवर मात्र गुजरातच्या त्या प्रशस्तिकाराचे आणि देवगिरीच्या भाटांचे एकमत आहे: सिंघणाचे सैन्य समुद्राएवढे होते.

रामाच्या मागे त्याचा लहान मुलगा उरला. खोलेश्वराच्या घराण्यात कर्ता पुरुष राहिला नाही, तेव्हा त्याची मुलगी, रामाची बहीण लक्ष्मी, पुढे झाली. भाच्याच्या वतीने तिने आंब्याचा कारभार हाती घेतला, आणि भावाच्या स्मरणार्थ रामनारायणाचे देऊळ बांधले. त्याचा लेख शके ११६२ चा, म्हणजे १२४० चा आहे. नर्मदेवरच्या त्या लढाईची हकिगत आपल्याला या लेखामुळे ठाऊक आहे. सिंघणाच्या पराक्रमाच्या ज्या याद्या पंडितांनी रचल्या त्यांत रामाच्या मृत्यूला जागा नाही, कारण तेथे हार सांगायची नसते. ती जागा बहिणीने आंब्याच्या दगडावर दिली. गुजरातच्या स्वाऱ्यांचा धूर भरुचकडच्या गावांवर दिसला होता, त्यांची झळ आंब्याच्या वाड्यापर्यंत कशी आली ते येथे दिसते, आणि सिंघणाच्या वैरांचा इतिहास लिहिताना मी या लेखाला हरळहळ्ळीच्या विजययादीपेक्षा कमी महत्त्व देणार नाही.

सिंघण त्यानंतर सहा-सात वर्षे जगला. त्याचा मुलगा, आजोबांच्याच नावाचा दुसरा जैतुगी, त्याच्या आधीच वारला होता, म्हणून १२४६-४७ च्या सुमारास गादीवर नातू कृष्ण आला, ज्याला जुन्या लेखांत कान्हर किंवा कन्हार म्हटले आहे. दक्षिणेचा मुलूख त्याला जसाच्या तसा मिळाला, तेथील अंमलदारांसह. गुजरातचे वैरही तसेच मिळाले, आणि कृष्णाच्या प्रशस्तीतही वीसलदेवाच्या सैन्यावरच्या विजयाचा अभिमान आहे. दोन्हीकडचे राजे लढत राहिले. लेखपद्धतीच्या पोथ्या उतरवून घेणारे लेखनिक मात्र पुढेही पिढ्यान्‌पिढ्या तो तहाचा नमुना तसाच उतरवत राहिले, सिंघणाच्या आणि लावण्यप्रसादाच्या नावांसह: दोघांनी आपापल्या पूर्वीच्या सीमांच्या आत राहावे.